सिलिंड्रिकल ग्राइंडर नेमकं काय काम करतो?

मोटरचा शाफ्ट, हायड्रॉलिक सिलिंडरचा रॉड, ट्रॅक्टरचा क्रँकशाफ्ट अशा गोल भागांना शेवटचं अचूक माप सिलिंड्रिकल ग्राइंडिंग मशीनवर मिळतं. कोल्हापूर जिल्हा ओतकाम आणि ऑइल इंजिनांसाठी ओळखला जातो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलप्रमाणे गडहिंग्लजलाही एमआयडीसी आहे. त्यामुळे इथल्या दहावी झालेल्या मुलांनी हे काम माहीत करून घ्यायला हरकत नाही.

काम कसं चालतं?
लेथवर जॉब मापापेक्षा किंचित जाड ठेवतात. मग गरजेप्रमाणे तो हार्डनिंगला जातो. त्यानंतर ग्राइंडरवर तो दोन सेंटरमध्ये धरून फिरवतात आणि वेगाने फिरणारं व्हील त्याचा बारीक थर काढतं. व्हील बोथट झालं की डायमंडने ड्रेसिंग करतात. शेवटी नवा कट न देता ठिणग्या थांबेपर्यंत व्हील फिरू देतात. याला 'स्पार्क आउट' म्हणतात.

चूक कुठे होते?
समजा, ५० मिमी शाफ्टचं माप ४९.९८४ ते ५०.००० मिमीच्या आत हवं आहे. म्हणजे सूट फक्त १६ मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. घासताना जॉब तापतो आणि फुगतो. १० अंश जास्त तापलेला हा शाफ्ट जवळपास ६ मायक्रॉन मोठा दिसतो. गरम असताना ४९.९८६ भरलेला जॉब थंड झाल्यावर ४९.९८० होतो आणि रिजेक्ट होतो. जास्त घासलेलं पोलाद परत चिकटवता येत नाही. आधीच्या सगळ्या ऑपरेशन्सचा खर्चही वाया जातो. म्हणून कूलंटची धार नीट हवी आणि जॉब थंड झाल्यावरच मापायला हवा.

धोका कोणता?
तडा गेलेलं व्हील वेगात फुटू शकतं. बसवण्याआधी ते टांगून लाकडी दांड्याने हलकेच ठोकतात. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर ते वापरायचं नाही. नवं व्हील गार्ड लावूनच सुरू करायचं आणि सुरुवातीला समोर न थांबता बाजूला उभं राहायचं.

शिकायचं कुठे?
आयटीआयमध्ये 'मशिनिस्ट (ग्राइंडर)' हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. प्रवेशासाठी दहावी पास लागते. हा ट्रेड प्रत्येक आयटीआयमध्ये नसतो, म्हणून अर्जाआधी चौकशी करावी. पुढे अप्रेंटिसशिप करता येते. सीएनसी ग्राइंडर आले, तरी व्हील निवडणं, ड्रेसिंग कधी करायचं ते ओळखणं आणि माप तपासणं ही कामं माणसालाच करावी लागतात.