क्यूशू विद्यापीठ युद्धकैदी प्रकरण

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जपानमधील क्यूशू इंपीरियल विद्यापीठात (फुकुओका) अमेरिकन युद्धकैद्यांवर झालेल्या प्राणघातक शस्त्रक्रियांचे प्रकरण. मे-जून १९४५ मध्ये पाडाव केलेले आठ विमानसैनिक लष्कराने शल्यविशारद इशियामा फुकुजिरो यांच्या हवाली केले. फुप्फुस काढणे, रक्ताऐवजी समुद्राचे पाणी शिरेतून देणे असे प्रयोग झाले. आठही जण मरण पावले. उपचाराचा हेतू कधीच नव्हता. हे कैदी हिरोशिमाच्या अणुबाँबमध्ये मेले, ही बनावट माहिती अमेरिकन तपासात उघडी पडली. इशियामांनी १९४६ मध्ये तुरुंगात आत्महत्या केली. योकोहामा येथील लष्करी न्यायालयाने १९४८ मध्ये २३ जणांना दोषी ठरवले; पाच जणांची फाशी मात्र अमलात आली नाही. एंडो शुसाकू यांच्या ‘समुद्र आणि विष’ या कादंबरीचा विषय हाच. विद्यापीठाने २०१५ मध्ये उघडलेल्या वैद्यकीय इतिहास संग्रहालयात याची नोंद ठेवली आहे.