तोड्याची बंदूक आणि साष्टी-वसईची मोहीम

जुन्या बंदुकांविषयीचे कुतूहल बहुधा नळीवरील नक्षीपाशी थांबते. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र तिची रचनाही वाचली पाहिजे. कारण शस्त्राच्या घडणीवरच त्याच्या वापराच्या मर्यादा ठरतात. ठाणे-कल्याण परिसराच्या अठराव्या शतकातील इतिहासास हे विशेषत्वाने लागू पडते.

त्या काळी मराठी फौजेतील बंदूकधाऱ्यांच्या हाती प्रामुख्याने तोड्याची बंदूक असे. तापविलेली लोखंडी पट्टी सळईभोवती पिळून व ठोकून तिची लांब नळी घडवीत. दारूचा भडका सहन व्हावा म्हणून नळीचा मागील भाग जाड ठेवीत. चाप ओढताच घोड्यात अडकविलेला जळता तोडा कान्याजवळील रंजकावर टेकत असे. चकमकीच्या बंदुकीस लागणारी जोरकस कमान व कडक पोलादाचा तुकडा यांची येथे गरज नव्हती. त्यामुळे साधा लोहारही ती दुरुस्त करू शके. तिच्या दीर्घायुष्याचे हे एक प्रमुख कारण होय.

या साधेपणाची किंमत मात्र शिपायास मोजावी लागे. प्रत्येक बारानंतर दारू ओतणे, गजाने गोळी ठासणे, रंजक भरणे ही सारी कामे त्याने हातांनी करावयाची. जॉन ब्राउनिंगच्या रचनेवरून तयार झालेल्या विंचेस्टरच्या १८९७ च्या छऱ्याच्या बंदुकीत नळीखालची मूठ मागेपुढे सरकविली, की रिकामे काडतूस बाहेर पडते व नवे आत बसते. शिपायाच्या हातातील कौशल्य येथे कारखान्यातील घडणीत उतरले आहे.

या दृष्टीने चिमाजी अप्पांच्या मोहिमेकडे पाहावे. १७३७ साली खाडी ओलांडून ठाण्यावर जाणाऱ्या बंदूकधाऱ्यास दारू व तोडा कोरडा राखणे भागच होते. जळता तोडा अंधारात ठिकाण उघडे करी, पावसात विझून जाई. पुढे १७३९ च्या फेब्रुवारी ते मे या काळात वसईस वेढा पडला, तेव्हा तटापुढे बंदुकीचे बळ अपुरेच होते. बुरुजांखाली सुरुंग घालावे लागले. त्यातच पावसाळा जवळ येत होता, आणि अशा शस्त्रावर विसंबणाऱ्या फौजेस त्याची चिंता किती असेल, हे तोड्याचा विचार केल्यावाचून नीट उमगत नाही.

सारांश, संग्रहालयातील बंदूक हेही एक साधनच होय. कागदपत्रांप्रमाणेच ती वाचावयास आपण शिकले पाहिजे.