भांडुपला सुचलेली कल्पना आणि लंडनचे भांडवल

हल्ली शाळांतून नव्या उद्योगाची कल्पना मांडण्याच्या स्पर्धा होतात. कल्पना सांगायची, हिशेब दाखवायचा आणि समोर बसलेल्या 'गुंतवणूकदारांना' पटवायचे. उपनगरातल्या अशाच एका स्पर्धेला परीक्षक म्हणून बसण्याची वेळ आमच्यावर आली. पुठ्ठ्याच्या प्रतिकृती, रंगीत तक्ते, पाठ केलेली भाषणे, सारे काही होते. एका मुलीने मात्र शेजारच्या गटाला विचारले, "पैसे बुडाले तर ते कोणाचे बुडणार?" त्या गटाला उत्तर देता आले नाही, खरे सांगायचे तर आम्हालाही चटकन देता आले नसते. परतताना घाटकोपरहून मुलुंडकडे जाणारी लोकल पकडली आणि लक्षात आले, की आपण ज्या लोहमार्गावरून चाललो आहोत त्याचा सगळा आरंभ या एका प्रश्नाभोवतीच फिरलेला आहे.

मुंबईला ठाणे, कल्याण आणि पुढे थळ व बोर घाटांशी लोहमार्गाने जोडावे ही कल्पना 1843 साली जॉर्ज क्लार्क या अभियंत्याला भांडुपच्या भेटीत सुचली, असे रेल्वेच्या इतिहासात नोंदलेले आहे. क्लार्क इंग्लंडात ब्रुनेलच्या हाताखाली तयार झालेला माणूस. त्याने मार्गाचा आराखडा केला, मुंबईतल्या मंडळींनी तो उचलून धरला. त्यांत नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय हे पुढे होते. पण रूळ, इंजिने आणि पूल यांना लागणारे भांडवल मोठे होते, आणि ते लंडनहून आणायचे ठरले.

लंडनमध्ये हे काम अंगावर घेतले जॉन चॅपमनने. हा मोठा विलक्षण गृहस्थ. मूळचा लफबरोचा, लेस विणण्याची यंत्रे बनवणारा. तो धंदा बसल्यावर त्याने घोड्याच्या हॅन्सम गाडीत सुधारणा करून गाडीवानाची बैठक मागे उंचावर नेली. 1843 मध्ये हेन्सनच्या 'हवाई वाफगाडी'च्या प्रकल्पातही त्याचा सहभाग होता. वाफेच्या इंजिनाने उडणाऱ्या या विमानासाठी कंपनी काढायचा बेत झाला, पिरॅमिडवरून उडणाऱ्या यंत्राची सुरेख चित्रे छापली गेली. लोकांनी चित्रे आवडीने पाहिली, यथेच्छ टिंगलही केली, पैसे मात्र दिले नाहीत. ते यंत्र माणसांना घेऊन कधीच उडाले नाही. कल्पनेत तथ्य असले तरी नुसत्या चित्रावर भांडवल उभे राहत नाही, हे चॅपमनने तेव्हा जवळून पाहिले असणार.

1844 मध्ये त्याने ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची योजना पुढे मांडली. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांना शंका होत्या: पावसाळ्यात मार्ग टिकेल काय, घाट चढता येतील काय, आणि मुख्य म्हणजे वाहतूक मिळेल काय? त्यांची उत्तरे लंडनमध्ये बसून देता येण्यासारखी नव्हती. 1845 मध्ये चॅपमन स्वतः मुंबईला आला. त्याने घाटांचे मार्ग पाहिले आणि कोणत्या वाटेने किती माल जातो याचे आकडे जमवले. आमच्या मते या कथेतला सर्वांत शिकण्यासारखा भाग हा आहे. वऱ्हाडचा कापूस त्या काळी बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून मुंबईला येई. वाटेत धूळ बसे, पाऊस लागे, वैरण-पाण्याची टंचाई असली तर तांडे अडून राहत. आज या वाहतुकीवर किती खर्च होतो आणि आगगाडीने किती होईल, यांतला फरक म्हणजेच योजनेचे बळ.

हे आकडे ऐकायला कोण उत्सुक असेल हेही त्याला ठाऊक होते. लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकन कापसावर चालत. 1846 मध्ये तिथले पीक कमी आले आणि मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांची नजर हिंदुस्थानी कापसाकडे वळली. हिंदुस्थानात रेल्वे व्हावी म्हणून ते सरकारवर दडपण आणू लागले. अर्थात दडपण आणणे वेगळे आणि स्वतःचे पैसे घालणे वेगळे! त्यातच इंग्लंडमधली रेल्वेच्या समभागांची लाट ओसरली आणि 1847 मध्ये तिथे मोठे आर्थिक संकट आले. परक्या देशातल्या न पाहिलेल्या रेल्वेत पैसे घालायला आता कोण धजणार?

इथे मागणीचे स्वरूपच पालटले. 'यात नफा आहे' असे सांगण्याऐवजी 'यात तोटा होणारच नाही' असे सांगता आले पाहिजे, आणि तशी हमी फक्त सरकारच देऊ शकत होते. पुष्कळ घासाघीस झाली. 1 ऑगस्ट 1849 रोजी कंपनीचा कायदा झाला आणि त्याच महिन्याच्या 17 तारखेला करार. भांडवल 5 लाख पौंड, त्यावर 5 टक्के व्याजाची हमी, जमीन फुकट.

हा हिशेब वर्गात फळ्यावर मांडून पाहण्यासारखा आहे. 5 लाखांवर 5 टक्के म्हणजे वर्षाला 25 हजार पौंड. रेल्वेने 15 हजारच मिळवले तर उरलेले 10 हजार सरकारी तिजोरीतून भरायचे. ही तिजोरी हिंदुस्थानातल्या रयतेच्या कराची. भागधारक बहुतेक सगळे ब्रिटनमधले. म्हणजे नफा झाला तर भागधारकांचा त्यात वाटा, तोटा झाला तर तो इथल्या शेतकऱ्याचा. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर असे होते, आणि ज्याचे पैसे बुडायचे त्याला कोणी विचारलेही नव्हते.

अशा हमीचा परिणाम बांधकामावर झाल्यावाचून राहिला नाही. डलहौसीने लोहमार्गाचा खर्च मैलाला सुमारे 8 हजार पौंड धरला होता; 1860 च्या दशकाअखेर हमीच्या रेल्वेमार्गांवर तो सरासरी 18 हजारांच्या घरात गेला. घाटांचे बोगदे, बुडालेला आणि दूरवरून आणलेला माल ही कारणे होतीच. पण व्याज बांधलेलेच असेल तर काटकसर करायची कोणी? 1872 मध्ये हिंदुस्थान सरकारचे माजी अर्थमंत्री मॅसी यांनी ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे साफ सांगितले, की हमी मिळालेल्या इंग्रज भांडवलदाराला त्याचा पैसा हुगळीत फेकला काय किंवा विटा-चुन्यात घातला काय, सारखेच. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या निःसारणाचा जो हिशेब मांडला त्यात रेल्वेच्या या व्याजालाही जागा होती.

रेल्वेचा उपयोग झाला नाही असे मात्र कोणी म्हणणार नाही. जेम्स बर्कले हा मुख्य अभियंता आणि फेविएल व फाउलर हे कंत्राटदार यांनी पहिला टप्पा पुरा केला. 16 एप्रिल 1853 रोजी दुपारी साडेतीन वाजता 21 तोफांची सलामी झाली. 14 डबे आणि सुमारे 400 पाहुणे घेऊन साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने बोरीबंदरहून निघाली आणि 21 मैलांवरच्या ठाण्याला पोचली. पाहुण्यांत नाना शंकरशेट होते. 1 मे 1854 ला गाडी कल्याणला गेली. बोर घाट चढायला मात्र 1863 उजाडावे लागले.

आणखी एक गोष्ट. एतद्देशीय लोक आगगाडीत बसतील की नाही याबद्दल इंग्रज मंडळींना दाट शंका होती. म्हणून योजना मांडताना सारा भर मालावर, त्यातही कापसावर असे. प्रत्यक्षात उतारूंची झुंबड पहिल्यापासूनच उडाली, तीही सर्वांत स्वस्त वर्गाच्या डब्यांत.

चॅपमनने 1851 मध्ये हिंदुस्थानातला कापूस आणि व्यापार यांवर एक ग्रंथ लिहिला. कंपनीच्या संचालकांशी त्याचे पटले नाही आणि पहिली गाडी सुटण्यापूर्वीच तो कारभारातून बाहेर पडला. 1854 मध्ये तो वारला. क्लार्क इंग्लंडात परतून वेल्समधल्या डाउले इथल्या लोखंडाच्या प्रचंड कारखान्याचा कारभारी झाला. तो कारखाना जगभर रूळ विकत असे.