धागा तुटला की माग थांबतो

मागच्या महिन्यात ऑफिसात माझ्यामुळे एक घोळ झाला. आमच्या टेस्टरने मंगळवारी सकाळी मेल टाकली होती, की बिलाच्या रकमेत राउंडिंगची चूक दिसते आहे, बिल्ड सोडू नका. मेल मलाच होती. पण माझ्याकडे तेव्हा न वाचलेल्या ३१२ मेल होत्या आणि ही त्यात मधेच कुठेतरी. गुरुवारी बिल्ड गेलं. मग शुक्रवार-शनिवार तिने आणि दोन नवीन पोरांनी रात्री जागून निस्तरलं. "मी कळवलं होतं," एवढंच ती म्हणाली. खरं सांगतो, ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

गंमत म्हणजे आमच्याकडे भिंतीवर कानबान बोर्ड आहे आणि 'लीन' हा शब्द रोज कानावर पडतो. म्हटलं, हा प्रकार मुळात आला कुठून ते तरी बघू. शनिवार-रविवार त्यातच गेले.

गोष्ट मोटारीपासून नाही, मागापासून सुरू होते. साकिची तोयोदा हा जपानमधल्या एका सुताराचा मुलगा. त्याच्या १९२४ सालच्या स्वयंचलित मागाची खुबी अशी, की धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. एरवी तुटक्या धाग्यावरच विणणं चालू राहतं आणि कापड वाया जातं, म्हणून सतत लक्ष ठेवायला माणूस लागतो. आता एक कामगार कितीतरी माग सांभाळू लागला. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने या मागाच्या हक्कांसाठी १ लाख पौंडांचा करार केला. ज्या देशाने जगाला यंत्रमाग दिला, त्याने जपानी माग घ्यावा!

साकिचीचा मुलगा किइचिरो याने १९३७ मध्ये टोयोटा मोटार कंपनी काढली. युद्धानंतर तिचे हाल झाले. १९४९च्या मंदीत गाड्या खपेनात, पैसे अडकले. १९५० मध्ये कामगारकपात, संप आणि शेवटी खुद्द किइचिरोचा राजीनामा. न खपलेला माल माणसांच्या नोकऱ्या कशा खातो, हे त्या कंपनीने डोळ्यांनी पाहिलं.

तिथे तैइची ओनो नावाचा इंजिनियर होता. तोयोदांच्या कापड गिरणीतून १९४३ मध्ये मोटारींकडे आलेला. त्याची कल्पना अमेरिकन सुपरमार्केटवरून सुचलेली. गिऱ्हाईक फळीवरून हवं तेवढंच उचलतं आणि जेवढं उचललं तेवढंच दुकानदार पुन्हा भरतो. ओनोने कारखान्यात तेच केलं. मागच्या टप्प्याने माल पुढे ढकलायचा नाही, पुढच्याने लागेल तसा ओढायचा. मागणीची चिठ्ठी म्हणजे कानबान. चिठ्ठी नाही तर उत्पादन नाही. वायफळ खर्चाला त्याचा शब्द 'मुडा'. त्याचे त्याने सात प्रकार सांगितले, आणि सगळ्यात वाईट कोणता तर गरजेपेक्षा जास्त बनवणं. कारण साठा वाढला की बाकीचे दोष त्याखाली झाकले जातात. 'लीन' हे बारसं मात्र फार नंतरचं, १९८८ मध्ये जॉन क्राफचिक या संशोधकाच्या लेखातलं.

आता ईमेलकडे या. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सनने नेटवर्कवरून पहिली मेल पाठवली ती एकाच खोलीत शेजारी ठेवलेल्या दोन मशीन्समध्ये. पण मेल हा मुळातच ढकलण्याचा कारभार. पाठवणाऱ्याला खर्च नाही, घेणाऱ्याला विचारायची सोय नाही. १९७८ मध्येच डीईसीच्या एका विक्रेत्याने अर्पानेटवरच्या शेकडो लोकांना एकाच फटक्यात जाहिरात पाठवली होती. आणि सीसी म्हणजे कार्बन कॉपी. टाइपरायटरमध्ये कार्बन घालून प्रती काढायच्या तर काही प्रतींनंतर अक्षर पुसट व्हायचं. म्हणजे 'अजून किती जणांना?' याला कागदानेच मर्यादा घातली होती. ती गेली आणि आपलं गोदाम भरलं.

ओनोची एक सवय होती, चूक झाली की पाच वेळा 'का' विचारायचं. मी विचारलं. बिल्ड का गेलं? मी मेल वाचली नाही. का? ढिगात हरवली. ढीग का? बहुतेक मेल नुसत्या सीसीच्या. सीसी का? कोणाला सांगायचं ते नक्की नसतं, म्हणून सगळ्यांना. असं का? पाचव्याला मी गप्प झालो. "काहीही असो, सगळ्यांना सीसीत ठेवत जा," हे नवीन पोरांना मीच सांगितलं होतं.

तेव्हा सोमवारी तीन गोष्टी केल्या. एक, ती सूचना सगळ्यांसमोर मागे घेतली. ज्याने काही करायचं आहे त्यालाच मेल, बाकीच्यांना हवं तर बोर्डवर बघतील. दोन, दिवसातून तीनदाच मेल उघडायची, उघडली की तिथेच निकाल लावायचा, आणि हातात घेतलेली कामं पाचच्या वर न्यायची नाहीत. तीन, सगळ्यात महत्त्वाचं. टोयोटाच्या कारखान्यात कुठलाही कामगार अख्खी लाइन थांबवू शकतो. आमच्याकडे बिल्ड थांबवायचं असेल तर मेल टाकायची नाही. फोन करायचा, नाहीतर सरळ उठून जागेवर यायचं. कोणीही, कधीही.

एक सावधगिरी मात्र हवी. सातोशी कामाता या पत्रकाराने टोयोटात हंगामी कामगार म्हणून राबून १९७३ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यात या कार्यक्षमतेखाली पिचलेली माणसं दिसतात. माझा इनबॉक्स रिकामा करायला मी कामं दुसऱ्यांकडे फॉरवर्ड करत सुटलो, तर तो लीनपणा नाही, नुसती ढकलाढकली.

असो. परवा दुपारी ती टेस्टर माझ्या जागेवर आली आणि म्हणाली, "थांबव." काय झालं ते न विचारता आधी बिल्ड थांबवलं. चूक अगदी किरकोळ निघाली. तिला अवघडल्यासारखं झालं. मी म्हटलं, किरकोळ असली तरी येत जा.