व्हेक्ट्रेक्स

व्हेक्ट्रेक्स : दूरचित्रवाणी संचाची गरज नसलेले, स्वतःच्याच पडद्यावर रेषाचित्रे उमटविणारे अमेरिकन घरगुती व्हिडिओ गेम यंत्र. जे स्मिथ यांच्या वेस्टर्न टेक्नॉलॉजीज या संस्थेत सिद्ध झालेले हे यंत्र जनरल कन्झ्यूमर इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८२ च्या उत्तरार्धात १९९ डॉलर किमतीस विक्रीस आणले. पुढील वर्षी ती कंपनी मिल्टन ब्रॅडली या कंपनीच्या मालकीत गेली, यंत्र युरोपात पोहोचले आणि जपानात बांदाई या कंपनीने ते विकावयास घेतले. परंतु त्याच वर्षी अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळल्यामुळे किंमत पुष्कळ उतरवूनही माल उठेना, आणि १९८४ मध्ये उत्पादन बंद करावे लागले.

समकालीन घरगुती यंत्रे ठिपक्यांची ओळीमागून ओळ रचून चित्र दाखवीत असता, येथे इलेक्ट्रॉनांची शलाका एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत थेट नेली जाते. त्यामुळे ९ इंची उभ्या कृष्णधवल पडद्यावर जी रेषा उमटते ती तिरपी असली तरी पायऱ्यापायऱ्यांची दिसत नाही, आणि शलाका जेथे क्षणभर थबकते तेथे रेषा अधिक तेजाळते. मोटोरोला ६८०९ जातीचा प्रक्रियक आणि अवघी १ किलोबाइट स्मृती एवढ्या सामग्रीवर हे साधले, ही अभियांत्रिकीतील खरोखर असामान्य कामगिरी होय. रंगाची उणीव प्रत्येक खेळाबरोबर मिळणाऱ्या, पडद्यापुढे बसवावयाच्या पारदर्शक रंगीत पट्टीने भरून काढलेली असे.

संग्राहकांच्या लेखी म्हणूनच खेळाच्या निव्वळ कार्ट्रिजला अर्धेच मोल आहे : पातळ पट्टी मुलांच्या हातून हरवे वा तिच्यावर चरे पडत, आणि पट्टी, पुस्तिका व खोका यांसह शाबूत असलेला खेळ विरळा. वेगाने फिरणाऱ्या रंगीत चकतीद्वारे त्रिमितीचा आभास देणारा चष्मा त्याहून दुर्मीळ आहे. यंत्रातच अंतर्भूत असलेला ‘माइन स्टॉर्म’ हा खेळ तेराव्या टप्प्यावर बंद पडे. तक्रार करणाऱ्यांस धाडलेले ‘माइन स्टॉर्म २’ हे दुरुस्त कार्ट्रिज आज विशेष मागणीचे आहे. आरंभीच्या यंत्रांतून चित्राबरोबर कमीजास्त होणारी घरघर ऐकू येते. खरेदीदाराने तिला बिघाड समजू नये, पडद्याची चित्रनलिका मात्र चालवून पाहावी, कारण तिची उणीव दूरचित्रवाणी संच भरून काढू शकत नाही. स्मिथ यांनी १९९० नंतरच्या दशकात यंत्राच्या खेळांच्या बिगरव्यापारी प्रती काढण्यास मुभा दिल्यापासून हौशी मंडळी या यंत्रासाठी नवे खेळ सातत्याने रचीत आहेत.