थर वाळवंटाची सहल : जोधपूर, जैसलमेर, बिकानेर

भारतवारीची तिकिटे निघाली की मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "या वेळी राजस्थान करायचं का?" आई-बाबांना बरोबर न्यायचे असते, मुलांना किल्ले आणि उंट दाखवायचे असतात आणि तीन आठवड्यांतले जेमतेम आठ-नऊ दिवस हातात असतात. मग कोणीतरी "संपूर्ण राजस्थान"चे पॅकेज पाठवतो: जयपूर, पुष्कर, उदयपूर, अबू, जोधपूर, जैसलमेर, बिकानेर, सगळे आठ दिवसांत! मंडळी, हे पॅकेज घेऊ नका. राजस्थान क्षेत्रफळाने भारतातले सर्वांत मोठे राज्य आहे, आपल्या महाराष्ट्राहूनही मोठे. जयपूरहून जैसलमेर साडेपाचशे किलोमीटरच्या पुढे आहे. अशा सहलीत सत्तरीतली माणसे निम्मा वेळ गाडीतच बसून राहतात आणि उरलेल्या वेळात पायऱ्या चढतात.

त्यापेक्षा जयपूर-उदयपूर दुसऱ्या वारीसाठी ठेवा आणि या खेपेला फक्त वाळवंटाचा पट्टा घ्या. जोधपूर, जैसलमेर आणि बिकानेर ही तीन शहरे नकाशावर त्रिकोणात बसतात. जोधपूर ते जैसलमेर सुमारे २८५ किलोमीटर, जैसलमेर ते बिकानेर सुमारे ३३०, बिकानेरहून नागौरमार्गे परत जोधपूर सुमारे २५०. म्हणजे प्रवासाचे दिवस तीनच, प्रत्येकी पाच-सहा तासांचे. जोधपूरला दोन रात्री, जैसलमेरला तीन, बिकानेरला दोन आणि परतताना जोधपूरला एक, अशा आठ रात्रींत सहल आरामात बसते.

केव्हा जावे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मुलांच्या शाळांना जून-जुलैमध्ये मोठी सुट्टी असते म्हणून तेव्हा जाण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. याच पट्ट्यातल्या फलोदी गावी १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले, आणि जूनही काही फारसा दयाळू नसतो. नाताळ ते नववर्ष हा आठवडा मात्र सर्वांत महाग आणि गर्दीचा. शाळेमुळे तोच घ्यावा लागत असेल तर हॉटेले खूप आधी ठरवा.

"भारतात कसली आलीय थंडी" म्हणून स्वेटर पुण्यातच ठेवून जाणारे बरेच असतात. डिसेंबर-जानेवारीत दुपारी छान ऊन असते, पण रात्री पारा पाच-सहा अंशांपर्यंत, कधी त्याहून खाली उतरतो. अमेरिकेत बाहेर बर्फ असले तरी घरात हीटर असतो. तिथल्या जुन्या हवेलीतल्या दगडी खोलीत तो असेलच असे नाही. बुकिंग करताना हीटर आणि गरम पाणी, दोन्हींची चौकशी करा. आजी-आजोबांसाठी कानटोपी आणि पायमोजे हवेतच.

कसे जावे

मुंबईहून जोधपूरला विमान आहे. शिवाय वांद्रे टर्मिनसहून सूर्यनगरी एक्सप्रेस रात्रभरात पोचवते. मुलांना स्लीपरच्या प्रवासाची गंमत दाखवायची असेल तर ही गाडी उत्तम. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे सर्वसाधारण आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, हे लक्षात ठेवा. जोधपूर, जैसलमेर आणि बिकानेर हे तिन्ही विमानतळ हवाई दलाच्या तळांवर आहेत. मे २०२५ मध्ये सीमेवर तणाव असताना ते काही दिवस बंद होते. म्हणून परतीचे आंतरराष्ट्रीय विमान आणि जोधपूरचे विमान यांच्यात किमान दोन दिवस मोकळे ठेवावेत.

जोधपूरला उतरल्यावर पूर्ण फेरीसाठी ड्रायव्हरसह मोठी गाडी ठरवा. टोल, पार्किंग आणि ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता भाड्यात धरला आहे का, हे लेखी घ्या. रात्री प्रवास करू नका. रस्त्यावर गायी, नीलगायी आणि उंट अंधारात अचानक समोर येतात.

जोधपूर

राव जोधाने १४५९ मध्ये वसवलेले हे शहर आणि त्यावर उभा असलेला मेहरानगढ. किल्ल्याला किमान तीन तास द्या. वर जायला लिफ्ट आहे, तेव्हा गुडघ्यांची काळजी असणाऱ्यांनी लिफ्टने जाऊन पायी उतरावे. तटावरून दिसणारी निळी घरे, तोफा, पालख्यांचे दालन हे सगळे पाहून झाल्यावर जवळच जसवंत थडा आहे, तो संगमरवरी आणि शांत. उमेद भवन १९२९ ते १९४३ या काळात बांधले गेले, ते दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून. त्याचा संग्रहालयाचा भागच सामान्यांना खुला आहे, त्यात फार वेळ घालवू नये. त्यापेक्षा घंटाघराच्या बाजारात मिरची वडा आणि मावा कचोरी खा.

जैसलमेर

माझ्या मते या सहलीचा गाभा हाच, म्हणून इथे तीन रात्री. ११५६ मध्ये रावळ जैसलने त्रिकुट टेकडीवर किल्ला बांधला. वाळवंटातून जाणाऱ्या उंटांच्या तांड्यांवरच्या करातून आणि व्यापारातून शहर श्रीमंत झाले. पटवा व्यापाऱ्यांच्या पाच हवेल्या, सालिमसिंहाची हवेली, नथमलची हवेली, सगळी पिवळ्या दगडातली जाळीकामे याच पैशातून उभी राहिली. पुढे समुद्रमार्गे व्यापार वाढला, आपल्या मुंबई बंदराचे महत्त्व वाढत गेले, आणि तांडे थांबले. १९४७ नंतर सिंधकडे जाणारी वाटही बंद झाली. दोनशे वर्षांपूर्वीचे जैसलमेर आज जसेच्या तसे दिसते, त्याला ही ओहोटीही कारण आहे.

किल्ला २०१३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्यात आजही हजारो लोक राहतात आणि अनेक घरांची हॉटेले झाली आहेत. किल्ल्यात राहायची कल्पना फार आकर्षक वाटते, तरी राहू नका. हा किल्ला कोरड्या हवेसाठी बांधलेला, एके काळी पाणी घागरींनी वर यायचे. नळ आणि शौचालये आल्यापासून सांडपाणी खालच्या मातीत झिरपते आणि पाया खचतो. १९९० च्या दशकात काही बुरूज ढासळले, ऑगस्ट २०२४ च्या पावसात तटाचाही एक भाग कोसळला. पाहुण्यांची प्रत्येक अंघोळ त्यात भर घालते. शिवाय गाडी आत हॉटेलपर्यंत जात नाही, बॅगा चढावर न्याव्या लागतात. किल्ल्याच्या पायथ्याशी गच्ची असलेले हॉटेल घ्या. संध्याकाळी सोनेरी होणारा किल्ला बाहेरूनच दिसतो! सकाळी लवकर वर जाऊन जैन मंदिरे आणि राजवाडा पाहावा.

वाळूच्या टेकड्या पाहायला बहुतेक जण सम येथे जातात, अंतर चाळीस-बेचाळीस किलोमीटर. सुट्टीच्या दिवसांत तिथे जीपगाड्या आणि लाऊडस्पीकर यांचा उरूस असतो. शांतता हवी असेल तर दक्षिणेला खुहडी गाव बरे. ज्यांना उंटावर बसणे जमणार नाही त्यांच्यासाठी उंटगाडी मिळते. उंट उठताना आणि बसताना जो झोका देतो तो कंबरेला चांगलाच जाणवतो. याच भागातल्या डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये, दैव असेल तर, माळढोक दिसतो. सोलापूरजवळच्या नान्नजला एके काळी दिसायचा तोच हा पक्षी, इथे त्याला गोडावण म्हणतात.

पासपोर्टची बाब

तनोटचे देवीमंदिर आणि १९७१ च्या लढाईचे लोंगेवाला ही ठिकाणे सीमेजवळ आहेत. भारतीय पासपोर्टवाले आजी-आजोबा तिथे जाऊ शकतात, पण परदेशी पासपोर्टवाल्यांना या प्रतिबंधित भागात विशेष परवानगी लागते आणि ओसीआय कार्डाने ती अट सुटत नाही. आधी जिल्हा प्रशासनाकडे चौकशी करा, नाहीतर अर्धे कुटुंब हॉटेलातच राहील. हॉटेलातही परदेशी पासपोर्टवाल्यांची वेगळी नोंद होते, म्हणून मूळ पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड जवळ ठेवा. राष्ट्रीय स्मारकांत ओसीआयधारकांना भारतीयांचाच दर लागतो. मात्र मेहरानगढसारखी ट्रस्टची संग्रहालये आपले दर स्वतः ठरवतात, तिथे वाद घालू नये. आणखी एक, हायकिंगसाठी घेतलेले सॅटेलाइट फोन किंवा मेसेज पाठवणारी यंत्रे घरीच ठेवा. भारतात ती विनापरवाना बाळगणे गुन्हा आहे, आणि सीमेजवळ तर विचारूच नका.

बिकानेर आणि परतीची वाट

जैसलमेरहून पहाटे निघालात तर वाटेत फलोदीजवळच्या खीचन गावी थांबता येते. हिवाळ्यात इथे हजारो कुरजा पक्षी मध्य आशियातून येतात. गावकरी पिढ्यान् पिढ्या त्यांना दाणे घालतात. जून २०२५ मध्ये खीचनला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. दाणे सकाळी टाकतात, पण दुपारपर्यंत थवे तळ्याकाठी बसलेले सापडतात. मुलांना किल्ल्यांचा कंटाळा आला असेल तर हा थांबा फार उपयोगी.

बिकानेरचा जुनागढ (१५८९ ते १५९४) टेकडीवर नाही, सपाटीवर आहे. पावसासाठी आसुसलेल्या राजांनी बादल महालाच्या भिंतींवर निळे ढग रंगवून घेतले, ते चुकवू नका. उंट संशोधन केंद्रात दुपारी पिल्ले पाहता येतात. भुजियाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तो इथूनच घ्यावा, पण सीलबंद.

परतीच्या रस्त्यावर देशनोकचे करणीमाता मंदिर लागते. आत अनवाणी जावे लागते आणि हजारो उंदीर मोकळे फिरत असतात, तेव्हा कोणी आत जायचे ते गाडीतच ठरवा. पुढे नागौर. १७५५ मध्ये इथल्या वेढ्याच्या काळात जयाप्पा शिंदे यांची हत्या झाली आणि जवळच ताऊसर येथे त्यांची छत्री आहे. मराठी पर्यटक इथे फारसे थांबत नाहीत, तुम्ही अर्धा तास जरूर थांबा. नागौरला दुपारी बाजरीची रोटी आणि केर-सांगरीची भाजी मिळाली तर घ्या, आणि अंधार पडायच्या आत जोधपूर गाठा.