प्रदूषण मंडळाची परवानगी मोबाईलवरून कशी सांभाळायची? हिंगोलीच्या छोट्या व्यावसायिकांसाठी सोपी माहिती

घरची दाळमिल, मसाला गिरणी किंवा हळद पॉलिशचं युनिट असेल, तर ऑनलाइन फॉर्म भरायचं काम घरातल्या तरुण पोरापोरींकडेच येतं. जीएसटी भरतो, उद्यम नोंदणी करतो. पण प्रदूषण मंडळाचं नाव निघालं की "ते एजंट बघतो" म्हणून आपण मोकळे. नोटीस मात्र एजंटच्या नावानं येत नाही, मालकाच्या नावानं येते. म्हणून हे काम समजून घेऊया.

हे नियम आपल्याला का लागू होतात?

हिंगोली म्हणजे हळदीचा जिल्हा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण हळद शिजवताना धूर आणि सांडपाणी, पॉलिश करताना धूळ, दळताना परत धूळ आणि आवाज. त्यामुळे अशा प्रक्रिया उद्योगांना १९७४ चा पाणी कायदा आणि १९८१ चा हवा कायदा लागू होतो.

परवानगी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ देतं. तिचे दोन टप्पे आहेत:

- स्थापना संमती: शेड बांधण्याआधी, मशीन बसवण्याआधी घ्यायची.
- चालवण्याची संमती: उत्पादन सुरू करण्याआधी घ्यायची. संमतीपत्रावर मुदत दिलेली असेल, तर नूतनीकरण करावं लागतं.

आधी आपला रंग ओळखा

प्रदूषण किती होऊ शकतं यावरून उद्योगांना रंग दिलेले आहेत. केंद्रीय मंडळाच्या २०१६ च्या यादीतली काही उदाहरणं बघा:

- लाल: साखर कारखाना
- नारिंगी: वीटभट्टी, गाड्यांचं सर्व्हिसिंग आणि पेंटिंग
- हिरवा: दाळमिल, पिठाची गिरणी, २० एचपीपर्यंतच्या मोटरची मसाला गिरणी
- पांढरा: जवळपास प्रदूषण नसलेले उद्योग, उदा. फ्लाय अ‍ॅशच्या विटा. यांना संमतीची गरज नसते, मंडळाला कळवणं पुरतं.

एक गोष्ट लक्षात घ्या. मोटर मोठी केली, बॉयलर बसवला किंवा उत्पादन वाढवलं, तर रंग बदलू शकतो. जुन्या कागदावर नवीन मशीन चालत नाही. याद्याही अधूनमधून बदलतात, त्यामुळे अर्जाआधी ताजी यादी उघडून बघा.

मोबाईलवरून अर्ज: स्टेप बाय स्टेप

१. मंडळाच्या अधिकृत वेबसाइटवरूनच संमतीच्या पोर्टलवर जा. गुगलवर वर दिसणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका.
२. पोर्टल मोबाईलवर नीट दिसत नसेल, तर ब्राउझरमध्ये 'डेस्कटॉप साइट' सुरू करा.
३. नोंदणी करताना मोबाईल नंबर आणि ईमेल मालकाचाच टाका.
४. जागेचे कागद, भांडवली गुंतवणुकीचा सीएचा दाखला, नकाशा, मशीनची यादी, पाणी-इंधनाचा वापर ही माहिती स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. शुल्क गुंतवणुकीवर ठरतं, म्हणून आकडे खरेच लिहा.
५. संमतीपत्र आलं की पीडीएफ पूर्ण वाचा. धुराड्याची उंची, धूळ पकडायची यंत्रणा, सांडपाण्याची सोय अशा अटी त्यातच असतात. तपासणीला आलेला माणूस याच अटी बघतो.
६. मुदत संपायच्या सहा महिने आधीचं रिमाइंडर कॅलेंडरमध्ये टाका.

सगळ्यात मोठी चूक: लॉगिन दुसऱ्याच्या हातात

एजंटची मदत घेण्यात काही वाईट नाही. पण त्यानं स्वतःचा नंबर आणि ईमेल टाकला, तर मंडळाचे मेसेज त्यालाच जातात. अर्जात त्रुटी निघाली, मुदत संपत आली, उत्तर मागितलं, मालकाला पत्ताच नसतो. एजंटनं धंदा सोडला तर पासवर्डही गेला. आजच घरी विचारा: आपलं लॉगिन कुणाकडे आहे? दुसऱ्याकडे असेल तर नंबर, ईमेल आणि पासवर्ड तिन्ही बदलून घ्या.

दुकान आणि गॅरेजवाल्यांसाठी

"१२० मायक्रॉनची पिशवी चालते" असं बरेच दुकानदार सांगतात. तो केंद्राचा नियम झाला. महाराष्ट्रात प्लास्टिक कॅरीबॅगवर २०१८ पासून बंदी आहे. पहिल्यांदा सापडल्यास ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,००० आणि तिसऱ्यांदा २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद. हळद पावडर पाऊचमध्ये विकत असाल, तर पाऊच बनवणाऱ्याकडून त्याचा नोंदणी क्रमांक आणि बिल मागून घ्या.

गॅरेजचं काळं ऑइल नालीत सोडू नका. झाकणाच्या ड्रममध्ये साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्या आणि पावतीचा फोटो ठेवा. जुन्या बॅटऱ्याही कचऱ्यात न टाकता वेगळ्या ठेवून नोंदणीकृत केंद्रालाच द्यायच्या.

यात आपला फायदा काय?

केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाचं 'झेड' प्रमाणपत्र आहे: ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड. एप्रिल २०२२ मध्ये सुरू झालेल्या योजनेत शुल्कावर सूक्ष्म उद्योगांना ८०, लघु उद्योगांना ६० आणि मध्यम उद्योगांना ५० टक्के सवलत ठेवली होती. उद्यम नोंदणी लागते, सुरुवात ऑनलाइन शपथेनं होते. अर्जाआधी चालू सवलत पोर्टलवर बघून घ्या.

शिवाय उघड्या कढईपेक्षा वाफेच्या कुकरमध्ये हळद शिजवली, तर सरपण आणि पाणी दोन्ही कमी लागतं. धूळ पकडणारं यंत्र बसवलं, तर ती कामगारांच्या छातीत आणि शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जात नाही. शेजाऱ्याची तक्रार टळली, तर निम्मी कटकट तिथंच संपते.

थोडक्यात: रंग ओळखा, संमती घ्या, अटी वाचा, पावत्यांचे फोटो ठेवा आणि लॉगिन स्वतःकडे ठेवा. घरात फोन सगळ्यात चांगला तुम्हालाच वापरता येतो, तर हे काम आज तुम्हीच हातात घ्या. माहिती उपयोगी वाटली तर गल्लीतल्या गिरणीवाल्या काकांनाही नक्की पाठवा!